सुचेताचा ओवसा

पिशवीत सुपं दोन आहेत, हे काशीनाथला यतीनच्या घरी पोचल्यावर कळलं. स्टेशनजवळच्या आपल्या घरापासून यतीनच्या इंद्रलोक वसाहतीपर्यंत रिक्षात ती पिशवी त्याच्याच मांडीवर होती. पण सुपात सूप घातलं की बाहेरून एकच दिसतं, आणि सुपाकडे निरखून बघायची त्याला आयुष्यात सवय नव्हती.

सकाळी निघताना सुचेताने रोजच्यासारखा त्याच्या मनगटावर घड्याळाचा पट्टा आवळला होता. गेल्या थंडीपासून त्याच्या उजव्या हाताची बोटं आखडली होती. बटणं तो कशीबशी लावायचा, पण पट्ट्याची पिन भोकात घालणं जमत नव्हतं. निवृत्तीच्या दिवशी कंपनीतल्या युनियनच्या माणसांनी वर्गणी काढून दिलेलं घड्याळ होतं ते. पट्टा लावता लावता ती म्हणाली होती, "मिनलचा पहिला ओवसा आहे. तिला सासू नाही. मला उभं राहावं लागेल."

"राहा की," तो म्हणाला होता. "त्यात काय."

यंदा गौरी पूर्वा नक्षत्रात आल्या होत्या. रत्नागिरीकडच्या घरांत याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. नव्या सुनेचा ओवसा अशाच वर्षी सुरू होतो. सूप भरायचं, गौरीपुढे ओवाळायचं, मग आधी नवऱ्याच्या आणि नंतर घरातल्या मोठ्यांच्या हातात द्यायचं. त्यांनी त्यात काहीतरी घालून परत करायचं. एकदा सुरू झाला की दर वर्षी. हुकला की पुन्हा गौरी पूर्वात येईपर्यंत थांबायचं.

"या कॉम्रेड," यतीनने दार उघडलं. वॉर्डात पक्षाचं काम करणाऱ्या या धाकट्या भावाने भगवा कुर्ता घातला होता आणि कपाळावर ठसठशीत गंध होतं. "चपला बाहेर. आमच्याकडे अजून धर्म शिल्लक आहे."

"तुझ्या धर्माचा वास लिफ्टपर्यंत येतोय. मटण कोणी टाकलंय?"

"अभिनवने. गौरीचा तिखटा सण आहे. मान आहे तिचा."

"मग खिडक्या का बंद?"

"अरे, समोर शाहभाई राहतात."

"आणि मतदार आहेत."

"आणि मतदार आहेत," यतीनने कबूल केलं, आणि दोघे भाऊ हसले.

हे हसणं अलीकडचं होतं. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकमेकांना 'भक्त' आणि 'फुरोगामी' म्हणून झाल्यावर दोघांनी दोन वर्षं तोंड बघितलं नव्हतं. करोनात यतीनची बायको गेली तेव्हा काशीनाथ दारात येऊन उभा राहिला. त्यानंतर भांडण तेच राहिलं, पण दोघेही ते हळू आवाजात करू लागले.

हॉलमध्ये तेरड्याच्या रोपांची गौर मुखवटा लावून, हिरवी साडी नेसून उभी होती. तेरडा अभिनवने पहाटे बाइकवरून तारोडी गावात जाऊन आणला होता. तो सध्या किचनमध्ये वडे थापत होता. त्याची बायको मिनल विमानतळावर ड्यूटी करायची. रात्रपाळी करून ती सकाळीच परतली होती आणि ओल्या केसांनी जमिनीवर बसून काकडी पुसत होती. काशीनाथची मुलगी रसिका मिरा रोडला एकटी राहायची आणि बायकांच्या एका संस्थेत काम करायची. ती आधीच येऊन सोफ्यावर बसली होती, पाय वर घेऊन.

विमलाबाई बेडरूमच्या दाराशी प्लॅस्टिकच्या खुर्चीत होत्या. थोरला भाऊ दशरथ, त्याची ही बायको. सणासाठी गावाहून आल्या होत्या. त्या जागेवरून गौर अर्धीच दिसायची. त्यांना तिथे कोणी बसवलं नव्हतं. दशरथभाऊ गेल्यापासून प्रत्येक कार्यात त्या आपणच अशा कडेला जाऊन बसायच्या, आणि त्यांना कोणी उठवतही नव्हतं.

मिनलने पिशवी उघडली. एकातून एक सुपं काढली. दोन्ही हळदीकुंकवाने रंगवलेली, दोन्हींना पांढरं सूत गुंडाळलेलं.

"काकू, हे दुसरं कोणाचं?"

"माझं," सुचेता म्हणाली.

रसिकाने पाय खाली घेतले. काशीनाथला वाटलं, सुचेता आता हसेल. ती सुपात हळदीची पानं मांडू लागली.

"वा!" यतीनने टाळीच वाजवली. "बघ दादा. घरवापसी! थांबा वहिनी, एक फोटो. ग्रुपवर टाकतो, सगळ्या पुरोगाम्यांना कळू दे."

"भावोजी, फोटो काढलात तर मी उठून घरी जाईन."

यतीनने फोन खिशात ठेवला.

"आई, सीरियसली?" रसिका म्हणाली. "तू? मला लहानपणी हळदीकुंकवाला पाठवायची नाहीस तू."

"मी नाही गं. आपल्याकडे पाठवत नव्हते."

आता सगळे काशीनाथकडे बघत होते. युनियनच्या सभांमध्ये अशा वेळी काय करायचं हे त्याला बरोबर कळायचं. समोरच्याने मुद्दा काढायच्या आत आपण मोठेपणा घ्यायचा. तो घसा साफ करून म्हणाला, "हे बघा. मी आयुष्यात तिला कशाला अडवलेलं नाही. नोकरीला नाही, कशालाच नाही. याही गोष्टीला माझी परवानगी आहे."

बोलणं चांगलं झालं असं त्याला वाटलं. पण मिनल काकडी पुसायची थांबली, आणि रसिका त्याच्याकडे विचित्र नजरेने बघू लागली.

"मग झालं तर," यतीन म्हणाला. "सूप आधी तुझ्या हातात येणार. नवऱ्याचा मान."

"मी सूप घेणार नाही. तिने काय करावं हा तिचा प्रश्न. मी काय करावं हा माझा."

"दादा, तू घेतलं नाहीस तर ती देणार कोणाला?"

"ते मला माहीत नाही. मी घेणार नाही."

"बरं," सुचेता म्हणाली. खारका, बदाम, सुपारी तिने एकेका पानावर ठेवली. चिडली असती तर त्याला उत्तर देता आलं असतं.

थोड्या वेळाने ती ओटीचं सामान आणायला बेडरूममध्ये गेली, तेव्हा तो मागोमाग गेला.

"देव मानायला लागलीस?"

"नाही."

"मग हे काय?"

ती पलंगाच्या कडेला बसली. लग्न झाल्यावर त्याने तिला आग्रहाने शिकवलं होतं, मला 'अहो' म्हणायचं नाही, नावाने हाक मारायची. पहिल्यांदा तिच्या तोंडून 'काशीनाथ' निघेना. त्याने तिला पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं होतं, आणि ती रडकुंडीला आलेली बघून त्याला गंमत वाटली होती. नातेवाइकांसमोर ती अजून त्याला कोणतीच हाक मारत नसे. एकटे असले की मारायची.

"काशीनाथ, आपलं लग्न झालं त्या वर्षीपण गौरी पूर्वात होत्या. मोठ्या वहिनींनी माझ्यासाठी सुपं रंगवून ठेवलेली. तू अंगणात उभा राहून सांगितलंस, आमच्यात हे होणार नाही. चांगला बोलला होतास."

"तुला पटलं होतं तेव्हा."

"पटलं होतं. अजून पटतं. पण नंतर सगळ्या बायका आत गेल्या आणि मी तुझ्याबरोबर ओटीवर बसले. चहा आला तो मलाही पुरुषांच्यात आला. मला केवढं मोठं वाटलं होतं! मग हळूहळू कळलं की आता मला आत कोणी बोलावणार नाही. मी गेले की बोलणं थांबायचं. आपलं काहीतरी मागासलेलं निघेल आणि ही मनात हसेल, असं वाटायचं त्यांना. यतीनभावोजींची बायको शेवटच्या दुखण्यात मला म्हणाली, ताई, तुमच्याशी बोलायची मला भीती वाटायची. तिच्याशी माझं मनातलं बोलणं झालं ते तेवढंच."

"हे मला कधी बोलली नाहीस."

"तुझं म्हणणं बरोबर होतं ना. जो बरोबर आहे त्याला काय सांगायचं?"

बाहेर प्रेशर कुकरची शिट्टी झाली.

"आता ह्या वयात हे करून काय मिळणार तुला?"

"काही नाही. एकदा सगळ्यांच्या रांगेत उभी राहीन. पुन्हा पूर्वा कधी येईल, तेव्हा मोठ्या वहिनी असतील का, कुणास ठाऊक."

"मी सूप घेतलं तर मी आजवर जे बोललो त्याला काय अर्थ राहतो?"

"मी तुझ्याकडे मागितलं का?" ती म्हणाली, आणि ओटीचं तांदूळ-नारळाचं ताट घेऊन बाहेर गेली.

तो किचनमध्ये गेला, कारण हॉलमध्ये जायचं नव्हतं. अभिनव कढईसमोर घामाघूम झाला होता. कमरेला आईचा जुना ॲप्रन.

"काका, बसा. वडा खाऊन बघा. नैवेद्य बाजूला काढलाय, चालेल."

"छान झालाय. रोज तूच करतोस?"

"माझं ऑफिस घरातच. मिनलची नाइट असते. मग कोण करणार?"

"हे महत्त्वाचं आहे, अभिनव. यालाच आम्ही..."

"नाही हो काका," अभिनव हसला. "पप्पा मला बाईलवेडा म्हणतात, तुम्ही पुरोगामी म्हणणार. मला भूक लागते, एवढंच आहे ते. जरा तो चहा गाळता का? मोठ्या आईला द्यायचाय."

काशीनाथने पातेलं उचललं. गाळणं कुठे असतं ते त्याला माहीत नव्हतं. या घरातलं नाही आणि स्वतःच्याही घरातलं नाही, हे त्याच्या लक्षात आलं. तो ड्रॉवर उघडत आणि बंद करत राहिला. शेवटी अभिनवने पिठाच्या हाताने गाळणं खिळ्यावरून काढून दिलं. ते त्याच्या डोळ्यांसमोर होतं.

चहा विमलाबाईंना देऊन तो गॅलरीत आला. रसिका तिथे उभी होती. खाली रस्त्यावर भाजीवाल्यापुढे गर्दी होती, कोणीतरी हिंदीत घासाघीस करत होतं.

"मला हे पटलेलं नाही," ती आपणहून म्हणाली. "आईला तसं सांगितलं. ती 'बरं' म्हणाली. तिचं ते 'बरं' तुम्हाला माहितीये ना."

"माहितीये."

"पण बाबा, परवानगी?"

"बोलण्याच्या ओघात आलं."

"ओघात नाही आलं. इतकी वर्षं तेच होतं, आज फक्त ऐकू आलं. मलाही आज पहिल्यांदाच ऐकू आलं, म्हणून मी काही शहाणपणा शिकवत नाही." ती थांबली. "यतीनकाका जिंकेल म्हणून तुम्ही सूप घेत नाही आहात का?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे."

"बरं," रसिका म्हणाली, अगदी आईसारखं, आणि आत गेली.

तो गॅलरीत एकटाच उभा राहिला. मंगळसूत्र घालू नकोस, असं त्याने सांगितलं होतं. पगार स्वतःच्या नावावर ठेव, असंही त्यानेच. उपास करू नकोस. मला नावाने हाक मार. एकही गोष्ट वाईट नव्हती. आजही कोणी विचारलं असतं तर त्याने एकेक मुद्दा पटवून दिला असता. फक्त त्यातलं एखादं तिने आधी सुचवलेलं त्याला आठवेना. आठवायचा त्याने प्रामाणिक प्रयत्न केला. मोर्चाचे दिवस आठवले, भाषणं आठवली, श्रोत्यांत बसलेली ती आठवली. ती टाळ्या वाजवत होती. तिच्या शेजारी कोण बसलेलं असायचं, ते मात्र कुठल्याच आठवणीत दिसत नव्हतं.

आतून यतीनने हाक मारली, "चला, ओवसायची वेळ झाली."

आपण सूप घेऊ, असं त्याने ठरवलं. ते ठरवायला फार वेळ लागला नाही, याचं त्याला नवल वाटलं. यतीन जिंकू दे. पण सुपात घालायचं काय? खिशात नोटा होत्या. नोट घालणं त्याला दक्षिणा दिल्यासारखं वाटलं. मग त्याने डाव्या मनगटावरचं घड्याळ काढलं. काढायला अडचण नव्हती. पट्टा ओढला की पिन सुटायची, फक्त परत लागायची नाही. घड्याळ डाव्या मुठीत धरून तो हॉलमध्ये आला आणि सोफ्याच्या टोकाला बसला.

आधी मिनल उभी राहिली. तिचे डोळे झोपेने जड झाले होते, पण सूप नीट धरलं होतं. तिने ओवाळून ते अभिनवच्या हातात दिलं. त्याने पिठाचे हात पुसून त्यात कानातल्यांची डबी ठेवली. मग यतीनने त्यात साडी ठेवली. मिनल काशीनाथपाशी आली, थांबली, सूप कडेला धरून वाकून नमस्कार केला आणि पुढे गेली. त्याने घेणार नाही म्हणून सांगितलं होतं आणि पोरीने ते लक्षात ठेवलं होतं. काहीतरी बोलावं असं त्याला वाटलं, तोवर ती गेलीही.

मग सुचेता उठली.

"उजवीकडून गो," दाराशी बसलेल्या विमलाबाई म्हणाल्या. "हळू. हां, अशी."

सूप गौरीपुढे फिरत होतं. सुचेताचे ओठ आवळलेले होते, नोकरीच्या पहिल्या दिवशी होते तसे. ओवाळून झालं. ती वळली.

काशीनाथ सोफ्यावरून उठला. एक पाऊल पुढे आला. उजवा हात त्याने पुढे केला, आखडलेल्या बोटांसकट, जमेल तेवढा उघडून.

सुचेताची नजर सुपावर होती. सुपारी घरंगळू नये म्हणून ती जपून चालत होती. तो उठलाय हे तिला दिसलं नाही, आणि बघायचं तिला कारण नव्हतं. तो घेणार नाही म्हणाला होता. त्याने म्हटलेलं ती नेहमीच खरं धरत आली होती. ती त्याच्या समोरून गेली, इतक्या जवळून की तिच्या पदराचा वारा त्याच्या तळहाताला लागला, आणि बेडरूमच्या दाराशी प्लॅस्टिकच्या खुर्चीपुढे जाऊन थांबली.

"माज्याकडं कशाला गो?" विमलाबाईंनी दोन्ही हात मागे घेतले. "न्हाय न्हाय. पयला ववसा हाय तुजा. माजा हात नको लागायला."

"घरात मोठं कोण आहे?"

"मोटा काशी हाय की. तुजा नवरा."

"त्याला चालत नाही," सुचेता म्हणाली. एखाद्याला गोड चालत नाही असं सांगावं, तसं. रागाचा लवलेश नव्हता.

सगळ्यांनी यतीनकडे बघितलं. विधवेच्या हातात पहिला ओवसा. तो कपाळावरचं गंध खाजवत उभा होता.

"घ्या वहिनी," तो शेवटी म्हणाला. "तुम्ही नाही घेणार तर कोण घेणार. आईच्या जागी तुम्ही."

"काका, पक्षात चालेल का?" रसिका म्हणाली.

"पक्ष लिफ्टच्या खाली. घ्या हो वहिनी, वडे गार होतायत."

विमलाबाईंनी पदराला हात पुसले, पुन्हा पुसले आणि सूप घेतलं. पायाशी ठेवलेल्या पिशवीतून त्यांनी काजूगरांची पुरचुंडी काढून त्यात ठेवली. "तवाची सुपं माळ्यावर हायत गो अजून," त्या म्हणाल्या. "म्या टाकली न्हाईत." सुचेता त्यांच्या पाया पडायला वाकली ती तशीच त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून राहिली. मिनल आपलं सूप घेऊन धावत आली, "मोठी आई, माझंपण." मग रसिकाच म्हणाली, "इथे अंधारात काय करताय सगळ्या? पुढे या." तिने आणि मिनलने विमलाबाईंना खुर्चीसकट उचलल्यासारखं करून गौरीसमोर नेलं. विमलाबाई ओरडत होत्या, "अगो, पाडशाल मला," आणि बायका हसत होत्या. त्यात सुचेताचं हसू त्याला वेगळं ओळखू आलं. घरात ती असं हसत नसे.

काशीनाथचा हात कधीच खाली आला होता. तो उठला होता हे कोणी पाहिलंच नव्हतं. जिंकल्याचं यतीनच्याही ध्यानात नव्हतं. तो पाटावर केळीची पानं मांडत होता. काशीनाथ बाजूला झाला, आणखी बाजूला झाला आणि बेडरूमच्या दाराशी रिकाम्या झालेल्या जागेत जाऊन उभा राहिला. तिथून गौर अर्धीच दिसत होती.

त्याने घड्याळ मनगटावर ठेवलं. पट्टा पोटाशी दाबून धरला आणि पिन भोकावर आणली. ती सरकली. पुन्हा आणली. अंगठा वळेना.

"दादा, वाजले किती बघ रे," यतीनने पानं मांडता मांडता विचारलं. "माझा फोन चार्जिंगला आहे."

काशीनाथने घड्याळ खिशात टाकलं.

"आज घड्याळ आणलेलं नाही," तो म्हणाला.

गौरीसमोर बसलेल्या सुचेताने मान वर केली. सकाळी पट्टा तिनेच लावला होता. तिने त्याच्या मोकळ्या मनगटाकडे बघितलं, मग तो कुठे उभा आहे ते बघितलं. ती काहीतरी बोलणार होती. तेवढ्यात विमलाबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवून कानात काहीतरी सांगितलं, आणि ती ऐकायला तिकडे वळली.